त्याच ऑर्किडचा रंग दुसऱ्या प्रतीत वेगळा का दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात ऑर्किडची तीन सुटी छापील चित्रं सापडली. पहिल्याच्या खाली अगदी बारीक अक्षरांत ‘जे. न्यूजंट फिच डेल. एट लिथ.’ असं छापलंय. फूल कॅटलिया या ऑर्किडचं आहे, पण पाकळ्या राखाडी-निळ्या दिसतात. त्याच चित्राचा एका ग्रंथालयाचा स्कॅन पाहिला, तर त्यात पाकळ्या चक्क गुलाबी-जांभळ्या. दुसरं चित्र गुळगुळीत आहे आणि भिंगाखाली धरलं की सगळीकडे ठिपके दिसतात. तिसऱ्याचा खालचा मजकूर कापला गेलाय, आणि पांढऱ्या फुलावर काळे डाग आहेत. यातलं मूळ कोणतं आणि नक्कल कोणती? डाग काढून, रंग पुन्हा भरून घेऊन फ्रेम करावी का?

आधी एक विनंती. उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत चित्रांना पाणी, खोडरबर, ब्रेडचा तुकडा, टिश्यू यातलं काहीही लावू नका. जुन्या कागदांच्या जतनाचं काम मी गेली बावीस वर्षं करते आहे. माझ्याकडे येणाऱ्या वनस्पतिचित्रांपैकी निम्म्यांचं नुकसान काळानं केलेलं नसतं. ते कुणीतरी प्रेमापोटी ‘जरा साफ करून’ ठेवताना झालेलं असतं.

तुम्ही ‘मूळ की नक्कल’ असं विचारलंय. मला वाटतं तुमची खरी अडचण निराळी आहे. छापील चित्राला ‘मूळ’ हा शब्द नेमका कुठे लावायचा, हेच इथे ठरलेलं नाही. चित्रकारानं फुलासमोर बसून केलेलं जलरंगातलं काम एकच असतं. ते बहुतेक वेळा कुठल्या तरी संग्रहात असतं किंवा हरवलेलं असतं. लोकांच्या हातात गेले ते छापलेले कागद, आणि त्या प्रत्येक कागदावर निदान तीन हात फिरलेले असतात. रेघ एकाची, रंग दुसऱ्याचा, आणि नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांतला उजेड आणि हवा हा तिसरा. या तिघांनी काय काय केलं ते वेगळं करून पाहिलं की तुमचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

पहिल्या चित्रापासून सुरुवात करू, कारण सांगण्यासारखं सगळ्यात जास्त त्यातच आहे.

‘डेल.’ म्हणजे लॅटिन ‘डेलिनेआव्हिट’, अर्थात ‘यानं रेखाटलं’. ‘एट लिथ.’ म्हणजे ‘आणि दगडावरही यानंच उतरवलं’. कधी ‘स्कल्प.’ दिसतं, म्हणजे ताम्रपटावर कोरणारा, ‘इम्प.’ म्हणजे छापणारा. जॉन न्यूजंट फिच हा वॉल्टर हूड फिच या फार मोठ्या वनस्पतिचित्रकाराचा पुतण्या. ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’ हे १७८७ मध्ये सुरू झालेलं नियतकालिक. त्यासाठी काकांनी १८३४ ते १८७७ अशी चार दशकं चित्रं काढली. पुतण्याचं ऑर्किडमधलं मोठं काम म्हणजे ‘द ऑर्किड अल्बम’. ते १८८२ ते १८९७ या काळात अकरा खंडांत निघालं आणि त्यात ५२८ चित्रं आहेत. तुमचा कागद त्यातलाच असण्याची शक्यता बरीच आहे. डाव्या कडेला शिवणीची भोकं किंवा फाडल्याची कड आहे का ते पाहा. उरलेल्या तीन कडांपैकी एखादीवर सोनेरी मुलाम्याची रेघ दिसली तर कागद बांधलेल्या पुस्तकातून सुटलाय हे जवळजवळ नक्की. अशी पुस्तकं पानं सुटी करून विकण्यासाठी उसवली जातात. त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय आहे.

या पुस्तकातली चित्रं लिथोग्राफ आहेत, म्हणजे दगडावरून छापलेली. घासून सपाट केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं रेखाटायचं, दगड ओला करायचा आणि वरून शाई फिरवायची. शाई तेलकट रेघेला धरते, ओल्या भागाला धरत नाही. ही युक्ती आलोइस झेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली. पण दगडावरून छापली जायची ती रेघ आणि काळी-करडी छाया एवढीच. रंग नंतर हातानं भरायचे. प्रत्येक कागदावर, प्रत्येक प्रतीत, कुंचल्यानं!

रंग भरणाऱ्यांसमोर एक नमुन्याची प्रत असे. तीत चित्रकाराच्या पसंतीचे रंग भरलेले असत, आणि त्या बरहुकूम इतरांनी शेकडो कागद रंगवायचे. बहुधा यातल्या कुणीच ते फूल प्रत्यक्ष पाहिलेलं नसे. दक्षिण अमेरिकेतल्या रानातून आलेला कंद एखाद्या काचघरात फुलायचा, चित्रकार तो पाहायचा, आणि रंगवणाऱ्यापर्यंत पोहोचायचा तो फक्त नमुन्याचा कागद. कुणाच्या कुंचल्यात पाणी जास्त, कुणाच्या वाटीत जांभळा जरा लालसर, कुणी ओठाच्या, म्हणजे ऑर्किडच्या वेगळ्या दिसणाऱ्या पाकळीच्या, कडेशी थांबलं, तर कुणी रेघ ओलांडून गेलं. त्यामुळे हातानं रंगवलेल्या दोन प्रतींत फरक असणं ही स्वाभाविक गोष्ट आहे. उलट, तुमची प्रत आणि ग्रंथालयाची प्रत रंगाच्या प्रत्येक फटकाऱ्यापर्यंत सारखी असती, तर मलाच शंका आली असती की तुमचा कागद म्हणजे त्या प्रतीवरून अलीकडे काढलेली छपाई आहे.

मात्र गुलाबी-जांभळा आणि राखाडी-निळा हा फरक हातांमधला नाही. तो उजेडानं केलेला आहे, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

कॅटलियाचा जांभळा एका वाटीतून येत नसे. त्यासाठी कार्मीन आणि एखादा निळा एकत्र करत. कार्मीन म्हणजे कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला लाल. हा लाल फार सुंदर असतो आणि उजेडात टिकत नाही. उजेडात राहिलेल्या कागदावरून तो वर्षागणिक उडत जातो, निळा त्यामानानं तग धरतो, आणि शेवटी पाकळीवर उरतो तो थंड, राखाडीकडे झुकणारा निळा. पानांचं काय झालंय तेही बघा. हिरवा निळ्या-पिवळ्याच्या मिश्रणातून केलेला असेल आणि पिवळा गॅम्बोजसारखा कच्चा असेल, तर पानंही निळसर झालेली दिसतील. निळी पानं आणि निळं फूल एकत्र दिसलं की निदान पक्कं होतं.

ग्रंथालयाची प्रत गुलाबी राहिली याचं कारण साधं आहे: ती मिटलेल्या पुस्तकात अंधारात होती. तुमचा कागद केव्हातरी भिंतीवर असणार. याचा पुरावा कागदावरच सापडू शकतो. जुन्या माउंटखाली (चित्राभोवती लावतात त्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) किंवा फ्रेमच्या कडेखाली दडलेली एखादी पट्टी असेल, आणि तिथपर्यंत एखादं पान किंवा पाकळीचं टोक पोहोचत असेल, तर तिथला रंग आणि शेजारचा उघडा रंग भिंगातून ताडून पाहा. माझ्याकडे एकदा असाच कॅटलियाचा कागद आला होता. माउंट उचलल्यावर एका पाकळीची जेमतेम करंगळीच्या नखाएवढी कड दिसली आणि ती ताज्या फुलासारखी जांभळी होती. बाकीचं सगळं फूल शाळेच्या पाटीच्या रंगाचं. मालकीणबाई बराच वेळ त्या कडेकडेच बघत बसल्या.

आता हातानं रंगवलेलं की छापलेलं, हे तुमचं तुम्हालाच पाहता येईल. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि कागद खिडकीपाशी न्या. कडक ऊन नको, तिरपा उजेड हवा. फुलाच्या ओठाची झालरीसारखी कड शोधा. लिथोची रेघ भिंगाखाली खडबडीत कागदावर खडू ओढल्यासारखी दाणेदार दिसेल, सलग काळी नसेल. रंग तिच्यावर पारदर्शक थरासारखा पसरलेला असेल. जिथे कुंचला थांबला तिथे रंगाची एक गडद किनार साचलेली दिसेल, पावसाचं डबकं सुकल्यावर कडेला राहते तशी. कुठे तरी रंगानं रेघ ओलांडलेली असेल, कुठे आधीच थांबून कागदाचा पांढरा सुतभर मोकळा राहिला असेल. मग कागद डोळ्यांच्या पातळीला आणून किंचित तिरका करा. ओठाच्या गडद भागावर किंवा पानाच्या मधोमध चमक दिसली तर तो डिंक आहे. रंग खोल आणि मखमली दिसावा म्हणून त्यात डिंकाचं पाणी घालत किंवा वरून त्याचा हात देत. रेघ दाणेदार, रंग सलग, कडेला साचलेला आणि चमक तुकड्यातुकड्यांत, अशा तिन्ही गोष्टी दिसल्या तर हातकाम समजा.

एवढं सगळं असूनही एक शक्यता उरते. कागद आणि रेघ जुनी, पण रंग मागाहून भरलेला. काही पुस्तकांच्या बिनरंगी प्रतीही निघत, आणि रंगीत चित्राला गिऱ्हाईक जास्त म्हणून त्या नंतर रंगवल्या जात. नंतरचा रंग ओळखण्याची माझी पहिली खूण म्हणजे तो डागांवरून गेलेला असतो. कागदावरचा तपकिरी डाग रंगाच्या वर आहे की खाली, हे भिंगातून बहुतेक वेळा कळतं. दुसरी खूण म्हणजे अति आज्ञाधारकपणा. शेकड्यांनी कागद रंगवणारा हात वेगानं चालतो. नंतर एकच कागद रंगवणारा माणूस प्रत्येक रेघेला सांभाळत जातो.

इथे जरा थांबून माझं मत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ऑर्किडच्या जुन्या चित्रात रंगापेक्षा रेघेवर जास्त विश्वास ठेवावा. वनस्पतिशास्त्रज्ञांनाही रेघच हवी होती. ऑर्किडच्या फुलात बाहेरची तीन दलं, आतली तीन, आणि आतल्यांपैकी एकाचा झालेला ओठ असतो. पण ओळख खरी पटते ती मधल्या स्तंभावरून, कारण तिथे पुंकेसर आणि कुक्षी एकजीव झालेले असतात. स्तंभाच्या टोकाला टोपीखाली परागपुंज, म्हणजे परागकणांचे गोळे, असतात. ते किती आहेत, मेणासारखे की पिठूळ, देठ कसा आहे, यावर वंश ठरतो. म्हणून चांगल्या चित्रात खाली कोपऱ्यात एखादं छोटं, बहुधा रंग नसलेलं रेखाटन असतं: सोललेला स्तंभ, परागपुंज, ओठाचा छेद. फ्रेम करताना लोक हाच कोपरा माउंटखाली झाकून टाकतात! माझ्या लेखी तो त्या कागदावरचा सगळ्यात मोलाचा भाग आहे.

लंडनजवळच्या क्यू या वनस्पतिउद्यानातल्या फ्रान्झ बाउअर या चित्रकारानं या कामात कमाल केली होती. त्याची ऑर्किडची चित्रं जॉन लिंडले या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८३० ते १८३८ या काळात प्रसिद्ध केली. रॉबर्ट ब्राउननं १८३१ मध्ये पेशीतल्या ज्या भागाला केंद्रक हे नाव दिलं, ते ऑर्किडच्याच पेशी पाहताना. आणि बाउअरनं ते केंद्रक त्याच्या कितीतरी आधी चित्रात काढून ठेवलं होतं. लिंडलेसाठी वर्षानुवर्षं चित्रं काढणारी सारा अ‍ॅन ड्रेक ही आणखी एक मोठी चित्रकर्ती. ऑस्ट्रेलियातल्या हातोडीसारखा ओठ असलेल्या ऑर्किडच्या एका वंशाला लिंडलेनं तिच्या नावावरून ‘ड्रेकिया’ म्हटलं. जेम्स बेटमनच्या मेक्सिको आणि ग्वाटेमालातल्या ऑर्किडवरच्या अजस्र ग्रंथातली बहुतेक चित्रं तिची आणि ऑगस्टा विदर्सची आहेत. हा ग्रंथ १८३७ ते १८४३ या काळात निघाला, त्यात ४० चित्रं आहेत आणि प्रती फक्त १२५ काढल्या. एकट्या माणसानं उचलताना कंबर धरावी इतका तो जड आहे.

रेघ किती खरी असू शकते याचं माझं आवडतं उदाहरण कॅटासेटमचं. लिंडलेनं तीन फुलं तीन निरनिराळ्या वंशांत टाकली होती: कॅटासेटम, मोनाकँथस आणि मायँथस. पुढे गियानात रॉबर्ट शोम्बुर्कला ही फुलं एकाच झाडावर दिसली. वंश वेगळे, आणि झाड एकच! डार्विननं १८६२ मध्ये याचा उलगडा केला तो लिंगभेदावरून. कॅटासेटमची नर आणि मादी फुलं एकमेकांशी काही नातंच नसल्यासारखी दिसतात. यात चित्रकारांची चूक कुठेच नव्हती. त्यांनी पाहिलं तसं काढलं. चुकला होता तो त्या चित्रांवरून लावलेला अर्थ. म्हणून जुन्या चित्रातलं फूल ‘असं कसं असेल’ असं वाटलं, तरी चित्रकारावर अविश्वास दाखवण्याची घाई मी करत नाही.

तुमच्या कागदावरच्या नावाबाबतही हेच. नाव शोधलं आणि ते आजच्या यादीत सापडलं नाही, तर गोंधळून जाऊ नका. बेटमननं ‘कॅटलिया स्किनेरी’ म्हणून छापलेलं फूल आज ‘ग्वारियांथे स्किनेरी’ या नावानं ओळखलं जातं. त्याच्याच ग्रंथातलं ‘ओडोंटोग्लॉसम ग्रांदे’ आता ‘रॉसिओग्लॉसम ग्रांदे’ झालंय. जुनं नाव ही छापणाऱ्याची चूक नसते. माझ्यासाठी तर ते कागदाचा काळ अंदाजण्याचं एक साधन आहे.

आता दुसरं चित्र. ठिपके दिसले म्हणून ते लगेच आजकालचं समजू नका. एकोणिसाव्या शतकातच रंगही दगडावरून छापायला लागले. एका रंगाला एक दगड, अशी कधी डझनभर दगडांची छपाई एकाच कागदावर एकावर एक बसवायची. याला क्रोमोलिथोग्राफ म्हणतात. छटा आणण्यासाठी कारागीर दगडावर हातानं ठिपके द्यायचे. गेंटच्या जां लिंडेनचं ‘लिंडेनिया’ १८८५ पासून निघालं, त्यातली चित्रं अशीच आहेत. सेंट ऑल्बन्सच्या फ्रेडरिक सँडरचं ‘रायखेनबाखिया’ही तसंच. त्यात १९२ चित्रं आहेत, बहुतेक हेन्री मूनची, आणि त्यांतली बरीचशी फुलं खऱ्या आकाराची.

फरक असा ओळखा. हातानं दिलेले ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, कुठे दाट तर कुठे विरळ असतात, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग स्वतंत्र असतो: फिका गुलाबी, गडद गुलाबी, पिवळट, करडा. चार-दोन ठिकाणी एक रंग दुसऱ्यावर नीट न बसल्यानं कडेला सुतभर पट्टी डोकावते. उलट, ठिपके एकसारख्या अंतरावर आणि छोट्या फुलांच्या चकत्यांसारखे रचलेले दिसले, आणि सगळा खेळ निळा, किरमिजी, पिवळा, काळा या चारच रंगांचा असला, तर ती विसाव्या शतकातली यांत्रिक छपाई आहे. ठिपके धुळीच्या फवाऱ्यासारखे अतिसूक्ष्म आणि रेघसुद्धा ठिपक्यांचीच असेल, तर ते संगणकाच्या प्रिंटरचं काम. कॅलेंडरच्या एखाद्या पानावर भिंग ठेवून आधी डोळा तयार करा, मग चित्राकडे या. पाच मिनिटांत फरक ध्यानात येईल.

क्रोमोलिथोग्राफ निघाला तर तो ‘नक्कल’ ठरत नाही. त्या पुस्तकाची ती पहिली आणि खरी छपाई आहे. हातानं रंगवलेलं तेच श्रेष्ठ असं काही जण मानतात, मला ते पटत नाही. मूनच्या चित्रांतली पाकळीची जाडी आणि वजन घाईत हातानं रंगवलेल्या कित्येक कागदांत सापडणार नाही.

तिसऱ्या चित्राचं मात्र मला फोटो न बघता ठामपणे सांगता येणार नाही. पांढऱ्या फुलावरचे काळे डाग दोन प्रकारचे असू शकतात. बुरशी असेल तर ती फुलाची सीमा पाळणार नाही. मोकळ्या कागदावर, मागच्या बाजूला, कुठेही पसरलेली दिसेल. पण काळं फक्त तिथेच असेल जिथे चित्रकाराला पांढरा उठाव हवा होता, म्हणजे ओठाची कड, स्तंभाचं टोक, पाकळीवरची झळाळी, तर तो डाग नाहीच. तो शिशाचा सफेदा आहे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी त्याचं शिशाच्या काळ्या सल्फाइडमध्ये रूपांतर होतं. जिथे सगळ्यात जास्त उजळ करायचं होतं, तीच जागा सगळ्यात काळी होऊन बसते. रासायनिक उपचारानं तो पुन्हा पांढरा करता येतो, पण ते सूक्ष्मदर्शकाखाली, टोकदार कुंचल्यानं, एकेका ठिपक्याचं काम आहे. बुरशी समजून ओल्या कापसानं पुसलेला असा एक कागद माझ्याकडे आला होता. काळ्यासकट खालचा रंगही गेला होता, आणि मला करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

मजकूर कापला गेलाय म्हणून आणखी एक गोष्ट तपासा: चित्राची वरची बाजू कोणती? बहुतेक ऑर्किडची कळी उमलण्याआधी अर्धा फेरा घेते, म्हणून ओठ खाली येतो आणि किड्याला उतरायला जागा होते. काही जाती हा फेरा घेत नाहीत, त्यांचा ओठ वरच राहतो. शिंपल्यासारखा ओठ डोक्यावर आणि खाली लोंबणाऱ्या फितींसारख्या पाकळ्या असं ‘एपिडेंड्रम कॉक्लिएटम’ क्यूमध्ये १७८७ मध्ये फुललं होतं. त्याचं चित्र मी एका दिवाणखान्यात उलटं टांगलेलं पाहिलंय. मजकूर कापलेला असल्यानं फ्रेमवाल्यानं आपल्या समजुतीनं ओठ खाली केला होता. अशा वेळी फुलावरून ठरवू नका. पानं, देठ आणि कंदावर पडलेली छाया पाहा. चित्रकार उजेड बहुधा डावीकडून वरून घेतात, आणि मुळं वर गेलेली दिसली तर काही बोलायलाच नको.

आता साफसफाई आणि रंग पुन्हा भरण्याचं.

रंग भरून घेऊ नका, हे माझं स्पष्ट उत्तर आहे. उडालेला कार्मीन परत येत नाही. त्यावर नवा गुलाबी चढवला तर तुमच्या हातात एकोणिसाव्या शतकातली रेघ आणि आजचा रंग असलेला कागद राहील. त्या मूळ हातानं कुठे रंग कमी-जास्त दिला होता, ते कुणालाही पुन्हा वाचता येणार नाही. फूल पूर्वी कसं होतं ते रोज बघायचं असेल, तर ग्रंथालयाच्या स्कॅनची चांगली छपाई करून ती भिंतीवर लावा. मी खूप जणांना हेच सुचवते, आणि मूळ कागद अंधारात ठेवल्याचं समाधानही त्यांना मिळतं.

तपकिरी ठिपक्यांचं थोडं परिस्थितीवर आहे. कागदातले लोहाचे कण आणि बुरशी अशा दोन्हींचा त्यात हात असतो. काळ्या-पांढऱ्या कोरीव चित्राला जाणकार माणूस पाण्यात धुऊ शकतो. हातानं रंगवलेल्या चित्राला ते चालत नाही, कारण जलरंग आणि डिंक दोन्ही पाण्यात सुटतात. कागद उजळेल आणि ओठाची मखमल वाहून जाईल. ब्लीचनं ठिपके जातात, पण कागदाचा धागा कमजोर होतो. ठिपके फुलावर नसतील आणि ओल थांबली असेल, तर त्यांना तसंच राहू द्या. विकायचं असेल तरीही धुऊन घेण्याची घाई करू नका. जाणकार गिऱ्हाईक ठिपके असलेला अस्सल कागद घेतो आणि धुतलेल्या कागदाकडे संशयानं बघतो.

कागदाची मागची बाजूही बघा. पानांच्या नेमक्या आकाराची तपकिरी सावली मागे उमटली असेल, तर हिरव्यात तांबं आहे आणि ते कागद खात आहे. असा कागद वाकवू नका, गुंडाळू तर मुळीच नका. तो भेग पडून पानाच्या आकारातच तुटतो.

फ्रेम करायचीच असेल तर क्रोमोलिथोग्राफची करा, आणि तीही थेट उन्हाच्या भिंतीवर नको. कागदावरच्या कामाला संग्रहालयं साधारण पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड देत नाहीत. घरातली दिवसाची खोली याच्या कितीतरी पट उजळ असते. अतिनील किरण अडवणारी काच उपयोगी पडते, पण तिनं उजेड थांबत नाही, फक्त रंग उडण्याचा वेग कमी होतो. माउंट आम्लविरहित हवा, कागद काचेला टेकता कामा नये, आणि चिकटपट्टी कुठेही नको. जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीनं वरच्या कडेला लावायच्या; पाण्यानं केव्हाही सोडवता येतात. फ्रेमवाला ‘पुठ्ठ्यावर पक्कं चिकटवून देतो, सुरकुती राहणार नाही’ म्हणाला, तर नम्रपणे कागद उचलून घरी या.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आधी कागद आणि त्याच्या कडा, मग भिंगातून रेघ, मग रंग, मग फुलाचा स्तंभ आणि कोपऱ्यातलं छोटं रेखाटन, आणि शेवटी मागची बाजू. नाव आणि किंमत त्यानंतर.

तिसऱ्या कागदाचे तीन फोटो टाका: समोरून सरळ, खिडकीच्या तिरप्या उजेडात, आणि पाठीमागून. काळ्या डागांचा एक फोटो भिंगावर मोबाइल टेकवून काढा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. फुलाचा स्तंभ स्पष्ट दिसला तर वंश तरी सांगता येईल, आणि ते काळं बुरशी आहे की सफेदा, हेही. तोवर तिन्ही कागद पांढऱ्या, साध्या, न चकाकणाऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवा. तिसरा बाकीच्या दोघांपासून वेगळा ठेवा, न जाणो ती बुरशीच निघाली तर.